ग्रिफिथ पार्क

ग्रिफिथ पार्क : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉस अँजेल्स शहराच्या हद्दीत असलेले विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान. क्षेत्रफळ सु. १,७०० हेक्टर (४,२०० एकरांहून अधिक). सँता मोनिका पर्वतरांगेच्या पूर्व टोकावर ते वसले असून त्याच्या उत्तर व पूर्व बाजूंनी लॉस अँजेल्स नदी वाहते. नदीकाठची सखल जमीन समुद्रसपाटीपासून सु. ११७ मी. उंच असून मौंट हॉलिवुड हे मूळ उद्यानातील सर्वोच्च शिखर सु. ४९५ मी. उंचीचे आहे. विस्ताराने हे उद्यान न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या जवळजवळ पाचपट भरते. मात्र आखीव ताटवे, कारंजी व हिरवळी यांवरून उद्यानाची जी कल्पना केली जाते, ती येथे फारशी लागू पडत नाही. उद्यानाचा बराचसा भाग खडकाळ टेकड्या, कोरड्या घळी आणि खुरट्या झुडपांचे रान असाच आहे. गुरे चारण्याची ही खाजगी जमीन मालकाने १८९६ मध्ये शहराला बक्षीस दिली. एका दानपत्राने जमीन उद्यान ठरते खरी. पण ती उद्यान म्हणून टिकविण्याला पुढे शंभरांवर वर्षे झगडावे लागते, हे या उद्यानाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

या परिसरात मूळची वस्ती टोंग्व्हा या आदिवासी लोकांची होती. उद्यानाच्या दक्षिणेकडील फर्न डेल या ओढ्याकाठच्या भागात त्यांचे एक गाव होते, असे मानतात. १७८१ मध्ये स्पॅनिश वसाहतवाल्यांनी लॉस अँजेल्स गावाची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या सैनिकी तुकडीत होसे व्हिसेंते फेलिस हा शिपाई होता. त्याच्या सेवेबद्दल त्याला अठराव्या शतकाच्या अखेरीस नदीकाठच्या विस्तृत जमिनीवर गुरे चारण्याचा हक्क मिळाला. या जमिनीला ‘रँचो लॉस फेलिस’ असे नाव पडले. ‘रँचो’ म्हणजे आपल्याकडील जहागिरीसारखा प्रकार नव्हे. तेथे रयत नसे व सारावसुलीही नसे. मोकाट चरणारे हजारो गुरांचे कळप, त्यांना वळणारे घोडेस्वार गुराखी आणि कातडी व चरबी यांचा व्यापार यांवर सारा व्यवहार चाले. सीमा ओढे, टेकड्या, मोठाली झाडे यांवरून ठरविलेल्या असत आणि त्यामुळे पुढे तंटे माजत.

१८४८ मध्ये कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून संयुक्त संस्थानांकडे आला. १८५१ च्या कायद्याने प्रत्येक रँचोमालकावर आपला हक्क कागदोपत्री सिद्ध करण्याची जबाबदारी पडली. हे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले आणि वकिलांच्या शुल्कापायी अनेक जुन्या कुटुंबांना जमिनी विकाव्या लागल्या. त्यातच १८६२–६४ च्या भीषण अवर्षणात दक्षिण कॅलिफोर्नियातील गुरे अतोनात मेली आणि रँचोंची अर्थव्यवस्था मोडून पडली. रँचो लॉस फेलिसची अधिकृत सनद १८७१ मध्ये निघाली, तीत ६,६४७ एकर (सु. २,६९० हे.) क्षेत्र नमूद आहे. तोपर्यंत जमीन मूळ कुटुंबाच्या हातून बहुतांशी गेलेली होती. १८६३ मध्ये आंतोन्यो फेलिस हा देवीच्या साथीत मरण पावला आणि त्याच्या मृत्युपत्राबाबत संशय घेतला गेला. वारसा हिरावला गेल्यामुळे त्याच्या भाचीने या जमिनीला शाप दिला, अशी एक दंतकथा आजही तेथे सांगितली जाते. ती प्रामुख्याने हॉरेस बेल याच्या १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून पसरली. तिला इतिहासाचा आधार नाही. पुढील मालकांमध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोचा धनिक जेम्स लिक हाही होता. लिक वेधशाळा त्याच्याच देणगीतून उभी राहिली. एकाच रँचोच्या दोन मालकांनी आपली संपत्ती वेधशाळांसाठी ठेवावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

दाता व दान : ग्रिफिथ जेंकिन्स ग्रिफिथ (१८५०–१९१९) याचा जन्म वेल्समधील ग्लॅमॉर्गन परगण्यात झाला. १८६५ मध्ये तो अमेरिकेत आला. सॅन फ्रॅन्सिस्को येथे एका वृत्तपत्रासाठी खाणींविषयी वार्ताहराचे काम करीत असता त्याने खाणधंद्याची बारीक माहिती मिळविली आणि खाणमालकांचा सल्लागार म्हणून मोठी माया जमविली. १८८२ मध्ये त्याने रँचो लॉस फेलिसपैकी सु. ४,००० एकर जमीन विकत घेतली. तो स्वतःला ‘कर्नल’ म्हणवी. परंतु त्याची लष्करी कारकीर्द राज्याच्या राखीव दलातील नेमबाजीच्या सरावावरील देखरेखीपलीकडे गेलेली नव्हती.

जमीन घेण्यामागे धर्मादायाचा विचार नव्हता. रेल्वेमार्गांमुळे १८८० नंतर लॉस अँजेल्सला जमिनींच्या सट्ट्याचे उधाण आले होते आणि कुरणांचे तुकडे पाडून घरांसाठी विकणे हा त्या काळचा सर्वांत किफायतशीर धंदा होता. १८८५ मध्ये ग्रिफिथच्या जमिनीवर शहामृगपालन सुरू झाले. शहामृगाची पिसे स्त्रियांच्या टोप्यांना लावीत. परंतु शहरातील लोकांनी पक्षी पाहण्यास यावे आणि जाता जाता जमिनीचे तुकडेही पाहावेत, हाही त्यामागील हेतू होता. १८८८ च्या सुमारास हे उधाण ओसरले. सपाट भाग थोडाफार विकला गेला, डोंगराळ भाग मात्र पडून राहिला.

१६ डिसेंबर १८९६ रोजी ग्रिफिथने या जमिनीपैकी ३,०१५ एकर (सु. १,२२० हे.) नाताळची भेट म्हणून शहराला देऊ केली. तेथील रहिवाशांच्या करमणुकीसाठी व आरोग्यासाठी जमिनीचा उद्यान म्हणून कायम उपयोग व्हावा आणि उद्यानाला आपले नाव असावे, अशा त्याच्या अटी होत्या. हे उद्यान सामान्य कष्टकरी माणसासाठी असावे, केवळ बग्गीतून फिरणाऱ्यांसाठी नव्हे, असा त्याचा आग्रह होता. शहराने १८९८ मध्ये हे दान रीतसर स्वीकारले. लॉस अँजेल्सची वस्ती त्या वेळी एक लाखाच्या आसपास होती आणि ही जमीन शहराच्या हद्दीबाहेर होती. ती हद्दीत घेतली गेली १९१० मध्ये. ग्रिफिथने करांचे ओझे टाळण्यासाठी निरुपयोगी डोंगर शहराच्या गळ्यात बांधला, अशी टीका तेव्हाही झाली. या टीकेत काही तथ्य असू शकेल. पण दात्याचा हेतू आणि दानाचे मोल ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. जमिनीचे भाव पुन्हा चढल्यानंतर एवढे सलग क्षेत्र विकत घेणे कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्यात आले नसते.

दानभूमीची कायदेशीर स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही. जमीन विनाअट दिली, तर संस्था तिचा हवा तो उपयोग करू शकते, प्रसंगी विकूही शकते. विशिष्ट उद्देशाने दिली, तर शहर केवळ विश्वस्त ठरते आणि जमीन त्या उद्देशाने बांधली जाते. परंतु ‘उद्यान’ म्हणजे नेमके काय, हे दानपत्र सहसा सांगत नाही. खेळाचे मैदान, प्राणिसंग्रहालय, वेधशाळा, उपाहारगृह, वाहनतळ यांपैकी काय उद्यानात बसते आणि काय बसत नाही, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्याने येतो. लॉस अँजेल्सच्या नगरसनदेने उद्यानभूमी जनतेसाठी अबाधित राखण्याचे बंधन घातले आहे. तरीही अटी पाळल्या जात आहेत की नाहीत याकडे लक्ष ठेवणारा कोणी नसेल, तर असे बंधन कागदावरच राहते. येथे ते काम दात्याच्या कुटुंबाने व शहरातील उद्यानप्रेमी नागरिकांनी केले.

कलंकित दात्याचा प्रश्न : ३ सप्टेंबर १९०३ रोजी सँता मोनिका येथील एका हॉटेलात ग्रिफिथने मद्याच्या व संशयाच्या भरात पत्नी क्रिस्टिना हिच्यावर गोळी झाडली. पत्नी पोपशी संगनमत करून आपल्याला विष घालणार, असा भ्रम त्याला झाला होता. खिडकीतून खाली उडी टाकल्यामुळे तिचा जीव वाचला. पण एक डोळा कायमचा गेला. ग्रिफिथच्या वतीने अर्ल रॉजर्स या नामांकित वकिलाने मद्यजन्य वेडाचा बचाव मांडला. दोषी ठरल्यावर ग्रिफिथला दोन वर्षांची शिक्षा झाली व १९०६ च्या अखेरीस तो सॅन क्वेन्टिन तुरुंगातून सुटला. तुरुंगातील अनुभवांमुळे तो कैद्यांच्या सुधारणेचा पुरस्कर्ता बनला आणि या विषयावर त्याने १९१० मध्ये पुस्तकही प्रसिद्ध केले.

डिसेंबर १९१२ मध्ये त्याने मौंट हॉलिवुडवर वेधशाळा बांधण्यासाठी एक लाख डॉलर आणि पुढील वर्षी ग्रीक धाटणीच्या खुल्या नाट्यगृहासाठी आणखी पन्नास हजार डॉलर देऊ केले. मौंट विल्सन वेधशाळेतील ६० इंची दुर्बिणीतून आकाश पाहिल्यावर, सर्वसामान्य माणसालाही हे दर्शन घडले पाहिजे, असे त्याला तीव्रतेने वाटले होते. नगरपरिषद अनुकूल होती. पण पत्नीच्या हत्येचा प्रयत्न करणाऱ्या गुन्हेगाराकडून शहराने दान घ्यावे काय, यावर वाद पेटला. विरोधकांनी न्यायालयाचा आश्रय घेतला व योजना रखडली. या विरोधामागील नैतिक भूमिका क्षुल्लक मानता येत नाही. नाव देण्याच्या अटीवर दिलेले दान दात्याला प्रतिष्ठाही मिळवून देते आणि जिने डोळा गमावला तिच्यापुढे ही प्रतिष्ठा रोज उभी राहते. १८९६ ची जमीन मात्र परत करावी, असे विरोधकांनाही वाटले नाही. ग्रिफिथने अखेर ही रक्कम मृत्युपत्राद्वारे विश्वस्तांच्या हवाली केली. १९१९ मध्ये तो मरण पावला, आणि वाद दात्याबरोबरच संपला. ग्रीक नाट्यगृह १९३० मध्ये खुले झाले. वेधशाळेचे काम १९३३ मध्ये सुरू होऊन १४ मे १९३५ रोजी ती लोकांसाठी उघडण्यात आली. जॉन ऑस्टिन व फ्रेडरिक ॲश्ली हे तिचे वास्तुशिल्पज्ञ. मृत्युपत्रानुसार तेथे प्रवेश विनामूल्य ठेवण्यात आला व तो आजही तसाच आहे. फक्त ताराघरातील कार्यक्रमांना शुल्क पडते. १२ इंची त्साइस दुर्बिणीतून आजवर लक्षावधी लोकांनी ग्रहतारे पाहिले आहेत. २००२–०६ या काळात सु. ९·३ कोटी डॉलर खर्चून इमारतीचे नूतनीकरण झाले. जुन्या वास्तूचे रूप बिघडू नये म्हणून बहुतेक नवी दालने हिरवळीखाली जमिनीत बांधण्यात आली.

जमिनीचे उद्यान होते कसे : दानानंतरच्या पहिल्या दशकात शहराकडे एवढ्या क्षेत्राची निगा राखण्यास पैसा नव्हता. कुरणाचे उद्यान करावयाचे म्हणजे प्रथम रस्ते व पायवाटा, मग पाणी, मग आगीपासून संरक्षण आणि शेवटी झाडे, असा क्रम असतो. यांपैकी पाणी ही दक्षिण कॅलिफोर्नियात सर्वांत महाग वस्तू. जुन्या ओढ्याकाठी नेच्यांची सावलीदार वाट तयार करण्यात आली, सखल भागात गोल्फची मैदाने झाली, १९१२ मध्ये छोटे प्राणिसंग्रहालय निघाले. डोंगरावरील भागाला मात्र १९३० पर्यंत फारसा हात लागला नाही.

तो लागला मंदीच्या काळात. बेकारांना काम देण्याच्या योजनेखाली हजारो मजूर येथे झुडपे तोडणे, वाटा काढणे, दगडी भिंती बांधणे अशा कामांवर होते. मजुरी तासाला ४० सेंट. ३ ऑक्टोबर १९३३ रोजी दुपारी मिनरल वेल्स कॅन्यन या घळीत वणवा लागला. मजुरांना आग विझविण्याचे कोणतेही शिक्षण नव्हते. अनेकांच्या हाती केवळ फावडी होती. शेकडो जण घळीत उतरले, काही हुकमावरून आणि काही आपणहून. वाऱ्याची दिशा अचानक पालटली आणि वर चढू पाहणाऱ्यांना ज्वाळांनी गाठले. अधिकृत आकड्यानुसार २९ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांची संख्या याहून अधिक असावी, असे त्या वेळी अनेकांना वाटत होते. जळालेले क्षेत्र अवघे ४७ एकर होते. २०१८ पर्यंत कॅलिफोर्नियातील कोणत्याही वणव्यात इतकी माणसे दगावली नव्हती. आज लोक ज्या वाटांनी सहज फिरतात, त्यांतील कित्येक या बेकार मजुरांच्या श्रमाच्या आहेत. उद्यानाला दात्याचे नाव मिळाले. या माणसांची नावे तेथे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतील.

अतिक्रमणे : वाढत्या शहराच्या मध्यभागी असलेली बांधकामरहित जमीन प्रत्येक शासकीय खात्याला रिकामी, म्हणून फुकटची वाटते. याची सुरुवात खुद्द ग्रिफिथपासूनच झाली, हे विशेष. १९१२ मध्ये विमानविद्येला उत्तेजन म्हणून त्याने नदीकाठचे सु. १०० एकर धावपट्टीसाठी राखले आणि ग्लेन मार्टिनसारख्या आद्य वैमानिकांनी त्यांचा उपयोग केला. पुढे तेथे राष्ट्रीय रक्षकदलाचे वैमानिक पथक आले, तेव्हा लष्करी विमानतळ दानपत्राच्या अटींत बसत नाही, असा आक्षेप नगरनियोजन मंडळाने घेतला आणि अखेर पथकाला हलावे लागले. दुसऱ्या महायुद्धात उद्यानातील एका छावणीत जपानी, जर्मन व इटालियन नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना घरे नव्हती. म्हणून १९४६ मध्ये जुन्या धावपट्टीच्या जागी अर्धवर्तुळाकार पत्र्याच्या घरांची ‘रॉजर यंग व्हिलेज’ ही वसाहत उभारली गेली. तेथे निरनिराळ्या वंशांची हजारो माणसे शेजारी शेजारी राहत. त्या काळच्या लॉस अँजेल्समध्ये ही गोष्ट दुर्मिळ होती. जमीन उद्यानासाठीच असल्यामुळे वसाहत तात्पुरती ठेवण्यात आली आणि १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती मोडण्यात आली. या वापराला निदान माणुसकीची बाजू होती.

त्यानंतरच्या दोन प्रकरणांना ती नव्हती. १९५० नंतरच्या दशकात द्रुतगती महामार्गांसाठी उद्यानाची पूर्व व उत्तर कड घेण्यात आली. परिणामी उद्यान आणि नदी यांचा संबंध तुटला, आणि तो आजतागायत पूर्ववत झालेला नाही. त्याच दशकाच्या अखेरीस टोयॉन कॅन्यन या घळीत शहराचा कचरा भरण्यास सुरुवात झाली. घळ भरल्यावर सपाट जमीन तयार होईल व ती उद्यानाच्याच उपयोगी पडेल, असे समर्थन शहराने केले. ग्रिफिथचा मुलगा व्हॅन ग्रिफिथ याने अशा वापरांविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठविला आणि वारसांनी न्यायालयात दाद मागितली. परंतु त्यांना यश आले नाही. कचरा टाकणे बंद झाले ते १९८५ मध्ये. कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेन वायूमुळे अशा जागी अनेक दशके निर्धास्तपणे वावरता येत नाही, आणि ‘उपयोगी पडेल’ हे आश्वासन त्यामुळे कागदावरच राहिले.

इतर सोयींमध्ये १९२६ च्या बांधणीचा लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा, जुन्या आगगाड्यांचे ट्रॅव्हल टाऊन हे संग्रहालय (१९५२), लॉस अँजेल्स प्राणिसंग्रहालय (१९६६) व अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या इतिहासाला वाहिलेले ऑट्री संग्रहालय (१९८८) यांचा उल्लेख करता येईल. १९१२ च्या प्राणिसंग्रहालयाचे दगडी पिंजरे तसेच राखले असून लोक आता त्यांत सहलीची शिदोरी सोडतात. चालण्याच्या व घोड्यावरून फिरण्याच्या वाटांची एकूण लांबी सु. ८५ किमी. आहे.

निसर्ग : उन्हाळ्यात वाळणारी, कडक पानांची ‘चापराल’ झुडपे, सुगंधी सेजची झाळी, ओढ्यांकाठी ओक व सिकॅमोर अशी येथील मूळ वनश्री आहे. ही झुडपे आगीशी जुळवून घेतलेली असून त्यांतील बऱ्याच जाती जळाल्यानंतर मुळाशी नव्याने फुटतात. गेल्या शतकात लावलेल्या परदेशी वृक्षांना मात्र सतत पाणी लागते. ८ मे २००७ रोजी लागलेल्या वणव्यात ८०० एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. तेव्हा राखेवर नव्याने लागवड करावी की रानाला स्वतःच सावरू द्यावे, हा वाद झाला. कुरणाला उद्यान करताना किती बदलावे, या जुन्या प्रश्नाचेच ते नवे रूप होते. २०१२ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यात येथे एक नर प्यूमा आढळला. संशोधकांनी त्याला ‘पी-२२’ असा क्रमांक दिला. दोन महामार्ग ओलांडून तो आला होता आणि परतीचा मार्ग नसल्याने जोडीदाराविना सु. दहा वर्षे या बेटासारख्या रानात राहिला. आजार व जखमांमुळे डिसेंबर २०२२ मध्ये त्याला दयामरण देण्यात आले. नदीकाठावर व टेकड्यांच्या कडेला टाकलेल्या रस्त्यांची किंमत काय, हे या एका जनावरामुळे अनेक नागरिकांना प्रथमच उमगले.

मूळ दानात नंतर भर पडत गेली. १९४४–४५ च्या सुमारास ‘हॉलिवुड’ या प्रसिद्ध अक्षरांची टेकडी व भोवतालची चारशेवर एकर जमीन शहराकडे आली. त्या अक्षरांच्या शेजारच्या काहुएंगा शिखराची १३८ एकर खाजगी जमीन घरबांधणीसाठी विकली जाणार होती. लोकवर्गणीतून १·२५ कोटी डॉलर उभारून ती २०१० मध्ये विकत घेण्यात आली व उद्यानात सामील झाली. ग्रिफिथने फुकट दिलेल्या ३,०१५ एकरांशी या रकमेची तुलना करून पाहण्याजोगी आहे. जानेवारी २००९ मध्ये शहराने संपूर्ण उद्यानाला ऐतिहासिक-सांस्कृतिक स्मारकाचा दर्जा दिला. एखाद्या इमारतीऐवजी एवढ्या विस्तीर्ण भूभागाला असा दर्जा मिळावा, यासाठी ग्रिफिथ कुटुंबाच्या न्यासाने पुढाकार घेतला होता. यामुळे उद्यानातील कोणत्याही मोठ्या बदलाला नगराच्या वारसा आयोगापुढील छाननीतून जावे लागते.